यजमानाची कसोटी

परराष्ट्राच्या वकिलाचे निवासस्थान पाहताना आपले लक्ष साहजिकच त्याच्या वैभवाकडे जाते आणि त्यावरून आपण पाहुण्याच्या सामर्थ्याचा अंदाज बांधतो. परंतु अशा वास्तूच्या इतिहासात पाहुण्यापेक्षा यजमानाचीच परीक्षा अधिक झालेली असते, आणि सुरतेच्या इंग्रज वखारीचे चरित्र हे त्याचे ठळक प्रमाण आहे.

इ. स. १६१५ च्या सप्टेंबरात राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुवाळीच्या बंदरात उतरला, तेव्हा जकातीच्या अंमलदारांनी त्याच्या माणसांची झडती घेण्याचा आग्रह धरला आणि आपण राजप्रतिनिधी आहोत, सौदागर नव्हे, असे सांगून रोने ती नाकारली. अंमलदारांच्या वर्तनात उद्धटपणा असेल, पण त्यांचा संशय अनाठायी नव्हता. कारण इंग्रजांची वखार त्यापूर्वीच सुरतेत थाटली गेली होती, आणि व्यापाऱ्याचा माल व वकिलाचा मान एकाच दाराने शहरात शिरू लागला, की कोणत्या वस्तूवर जकात घ्यावी आणि कोणत्या माणसाला मुजरा करावा, हे ठरविणे कठीण होते. १६१८ मध्ये शाहजादा खुर्रमने इंग्रजांना ज्या सवलती दिल्या, त्यांत घर भाड्याने घेण्याची मुभा होती, विकत घेण्याची किंवा बांधण्याची नव्हती. शहरात शस्त्रे बाळगण्यावरही मर्यादा घातली होती. घराची मालकी आणि शस्त्रांची परवानगी, या दोन गोष्टी हाती ठेवल्या म्हणजे पाहुणा पाहुणाच राहतो, एवढे भान त्या दरबाराला निश्चित होते.

खाली मालाची कोठारे, वर राहण्याच्या खोल्या, सामायिक भोजनाचा दिवाणखाना आणि प्रार्थनेची जागा, अशी ती वखार होती. तिचा प्रेसिडेंट हा वस्तुतः ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. पण निशाण, घोडे, पालख्या आणि सेवकांचा ताफा घेऊन तो बाहेर पडे, तेव्हा एखादा एलचीच निघाला आहे असे पाहणाऱ्यास वाटावे, आणि तसे वाटावे हाच त्या थाटाचा हेतू होता. १६९० च्या सुमारास तेथे राहिलेला पाद्री ओव्हिंग्टन सांगतो, की घर बादशहाच्या मालकीचे असून त्याचे वार्षिक भाडे साठ पौंड होते आणि तेही बहुतांशी दुरुस्तीच्या खर्चात वळते होई. कागदोपत्री यजमान अजून घरधनी होता; पण मालकीचा आत्मा त्यापूर्वीच त्या घरातून निघून गेला होता.

तो केव्हा गेला, याचे उत्तर जानेवारी १६६४ मध्ये मिळते. शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा शहराचा मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि तहाच्या बोलण्यासाठी म्हणून त्याने पाठविलेल्या तरुणाने महाराजांवरच शस्त्र उपसले, म्हणजे दूताच्या अवध्यतेचा संकेतही शासनानेच मोडला. त्याच दिवसांत हबसाणच्या (अबिसिनियाच्या) राजाचा एलची औरंगजेबाकडे जाण्यासाठी सुरतेत उतरला होता. त्याचे नजराणे लुटीत गेले आणि खलिता व काही किरकोळ वस्तू तेवढ्या उरल्या, असे फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो. इकडे वखारीचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र जहाजांवरील खलाशी बोलावून, वखारीवर तोफा चढवून आपले घर राखले. खरा राजदूत उघड्यावर पडला आणि सौदागरांचे घर दुर्ग बनले! औरंगजेबाने पुढे संतोषाने इंग्रजांच्या जकातीत सूट दिली. जे रक्षण स्वतः करावयाचे, ते दुसऱ्याने केल्याबद्दल सार्वभौम सत्ता बक्षीस देऊ लागली.

मराठी वाचक या प्रसंगाकडे पराक्रमाच्या दृष्टीने पाहतो आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या स्वारीने मोगली सत्तेचा जो पोकळपणा उघड केला, त्याचा लाभ मराठ्यांइतकाच वखारीलाही झाला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि बादशाही सनदेने किल्लेदारीही पदरात पाडली. पुढे ६ मार्च १७७५ रोजी, पुण्याच्या गृहकलहातून बाहेर पडलेल्या रघुनाथरावांनी याच सुरतेत मुंबईकर इंग्रजांशी तह करून साष्टी व वसई देण्याचे मान्य केले. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो तह अमान्य केला, तरी त्यातून पेटलेले युद्ध टळले नाही. एके काळी भाड्याच्या घरासाठी अर्ज करणारे आता पेशवाईच्या दावेदाराचे यजमान झाले होते. १८०० मध्ये सुरतेच्या नवाबाचा उरलासुरला कारभारही त्यांनी घेतला.

कोणी म्हणेल, की हे सारे आरमाराच्या बळावर घडले, त्यात घराचा काय संबंध? इंग्रजांचे समुद्रावरील बळ नाकारण्याचे कारण नाही. पण समुद्रावर जहाजे अडविता येतात, शहरातील जकात, न्याय आणि पहारा यांवरचा हक्क तेवढ्याने मिळत नाही. तो हक्क यजमानाच्या गैरहजेरीत मिळतो.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराने वकिलातीची वास्तू अनुल्लंघ्य ठरविली आणि तिच्या रक्षणाचे विशेष कर्तव्य यजमान राष्ट्रावर टाकले. या दोन कलमांपैकी पहिले पाहुण्यावरील कृपा वाटते आणि दुसरे यजमानावरील ओझे; सुरतेचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. परक्याच्या दारावर आपला पहारा ठेवण्याचे ओझे जे राज्य वाहते, त्याचीच सत्ता त्या दारापर्यंत पोहोचते; आणि जे ते टाळते, त्याला आपल्याच शहरात कोणाची आज्ञा चालते, हे एक दिवस दुसऱ्याला विचारावे लागते.