खोडलेले

दिवाळीआधी घर झाडायला काढले की माझी एक जुनी खोड उफाळून येते. माळ्यावरच्या ट्रंकेतला एखादा पिवळा कागद हाती लागला, की केरसुणी बाजूला ठेवून मी तो वाचीत बसतो. ‘हे ठेवायचं की टाकायचं?’ असे घरातली माणसे दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी ‘राहू दे’ म्हणतो. गेल्या वर्षी मात्र हाच प्रश्न एका परक्या मुलाने मला विचारला, आणि तेव्हा माझे हे ठरीव उत्तर ओठांतच अडकले.

माझे थोरले बंधू अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने संगणक शिकून घेतला होता. घराण्याची हकीकत, आईचे जुने फोटो, चार पिढ्यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, असे सारे त्यांनी त्या यंत्रात भरून ठेवले होते. त्याची दुसरी प्रत काढून ठेवावी हे त्यांना सुचले नाही, आणि सुचवण्याइतके आम्ही तरी कुठे शहाणे होतो! त्यांच्यामागे वहिनींनी घर बदलले. त्या हलवाहलवीत यंत्र जिन्यावरून घरंगळले. मग सुरू करून पाहिले तर पडद्यावर काळोख, आणि पोटातून टक्, टक्, टक् असा आवाज. बंद दारावर कोणी थकल्या हाताने थाप मारीत असावे तसा.

बुधवार पेठेतल्या एका बोळात असली कामे करणारा एक तरुण आहे असे कळले, म्हणून मी ती डिस्क रुमालात गुंडाळून त्याच्याकडे नेली. त्याने ती कानाशी धरली आणि पहिली आज्ञा केली, ‘‘काका, आता ही पुन्हा चालू करायची नाही. जितक्यांदा चालू कराल तितकी ती जास्त बिघडेल.’’ मग मला बसवून त्याने सगळे समजावून सांगितले. आत आरशासारख्या चकत्या असतात. त्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक त्यांच्यावर, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ग्रामोफोनची सुई टेकते तेव्हा गाणे ऐकू येते. हे टोक टेकले की गाणे संपते. त्याच जातीच्या दुसऱ्या डिस्कची टोके काढून, धूळ शिरणार नाही अशा पेटीत ती हिला बसवायची; मग जे सहज वाचता येते तेवढे आधी उतरवून घ्यायचे, जिथे अडेल तो भाग सोडून पुढे जायचे, आणि अवघड जागांकडे सर्वांत शेवटी वळायचे. मूळ डिस्कवर अक्षरही लिहायचे नाही. पुढचा सारा उद्योग प्रतीवर करायचा. मला ही रीत फार आवडली. दुखावलेल्या माणसाशीही असेच वागावे.

आठवड्याने त्याचा फोन आला. आईचे फोटो मिळाले होते, घराण्याची हकीकतही जवळजवळ पुरती हाती आली होती. मी धावतच गेलो. हिशेब चुकता केला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘काका, खोडलेल्यापण पुष्कळ आल्यात. देऊ का?’’

मला उमगेना. खोडलेले परत येईल कसे? तेव्हा त्याने जे सांगितले ते तुम्हालाही ठाऊक असावे असे वाटते. अशा डिस्कवरची फाइल आपण काढून टाकतो तेव्हा संगणक मजकूर पुसत नाही. तो अनुक्रमणिकेतली तिची नोंद रद्द करतो आणि ती जागा मोकळी झाल्याचे मांडून ठेवतो. त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच पडून असते. फायलीचे नाव हरवलेले असले तरी बहुतेक जातींच्या फायलीचा आरंभ ठरावीक खुणांनी होतो; त्या खुणा धुंडाळून ती उचलता येते. ‘‘एक उघडून पाहिली, नीट आलीय का म्हणून,’’ तो ओशाळून म्हणाला. ‘‘पत्र आहे. वर २०११ साल आहे, आणि ‘चिरंजीव बापूस’ असं. पुढचं वाचलं नाही.’’

बापू म्हणजे मी.

२००९ साली जुना वाडा विकण्यावरून आम्हां भावांत जे बिनसले, ते चार वर्षे बिनसलेलेच राहिले. २०१३च्या पाडव्याला अण्णा स्वतः फराळाचा डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. झाल्या गोष्टीविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही, मीही काढला नाही. म्हणजे हे पत्र त्या अबोल्याच्या ऐन मध्यावरचे. अण्णांनी ते लिहिले, धाडले नाही, आणि खोडून टाकले.

आता सांगा, हे पत्र कोणाचे? माझ्या नावाचे, म्हणून माझे? की अण्णांनी मागे घेतले, म्हणून त्यांचेच? पत्र पोस्टाच्या पेटीत पडेपर्यंत ते लिहिणाऱ्याच्या मनाचाच एक भाग असते. ओठांपर्यंत आलेला शब्द गिळून टाकणाऱ्याला ‘काय म्हणणार होतास ते बोल’ असे आपण दरडावीत नाही. मग त्याच्या मृत्यूनंतर, यंत्राच्या मदतीने, तोच शब्द त्याच्या घशातून ओढून काढायचा काय?

कोणी म्हणेल, हरवलेले परत मिळवणे यात पाप ते कसले? खरे आहे. २००३ साली ‘कोलंबिया’ यान परतीच्या वाटेवर फुटले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. त्या अवशेषांत जळून काळी पडलेली एक डिस्क सापडली. तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी वाचवली, आणि झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्याची कथा आहे. ती ऐकून आजही ऊर भरून येतो. पण या दोन्ही ठिकाणी जे बुडाले ते बुडावे अशी त्यांची इच्छा नव्हती. त्यांचे श्रम त्यांना परत मिळाले. अण्णांनी लिहिलेली हकीकत वाचवणे हे याच जातीचे काम. खोडलेले पत्र वाचणे मात्र याच्या उलट जातीचे.

यावर एक बिकट आक्षेप आहे, तो लपवून चालणार नाही. काफ्काने आपले अप्रकाशित लिखाण जाळून टाकावे असे मॅक्स ब्रॉड या मित्राला लिहून ठेवले होते. १९२४ साली काफ्का वारला. ब्रॉडने ते जाळले नाही, आणि ‘द ट्रायल’सारखी कादंबरी जगाला मिळाली. ब्रॉड चुकला असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण आपण हे करणार नाही असे त्याने काफ्काला हयातीतच बजावले होते, असे तो सांगतो. शिवाय कादंबरी अनेकांसाठी असते. अण्णांचे पत्र एकासाठी होते, आणि त्या एकाला ते द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. लाभ झाला एवढ्याने हक्क सिद्ध होत नाही.

हे सारे तत्त्वज्ञान मी रात्री अंथरुणात केले. दुकानात मात्र ‘उद्या सांगतो’ म्हणून पळ काढला होता. खरे सांगायचे तर मला ते पत्र वाचायचे होते. त्यात क्षमा असली तर तिची भूक होती, आणि शिव्या असल्या तर त्यांचीही. सकाळी वहिनींकडे गेलो. त्या यंत्राच्या खऱ्या मालकीण त्याच. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, हे पत्रं लिहून फाडायचे, ते मला ठाऊक होतं. केरात तुकडे दिसायचे. मी कधी जोडून वाचले नाहीत.’’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘त्या पाडव्याला डबा भरायला मला त्यांनीच सांगितलं, एवढं मी सांगू शकते.’’

मी दुकानात जाऊन त्या पोराला सांगितले, की खोडलेले नको. त्याने आपल्या प्रतीवर शून्ये लिहून ती पुसली आणि मूळ डिस्कला माझ्यादेखत भोके पाडली.

डिस्कवरची जुनी अक्षरे जातात ती पुसल्याने नव्हे. त्यांच्यावर दुसरे काही लिहिले गेल्याने. २०१३ पासून अण्णा माझ्या दारात येत राहिले, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता वाटीत फिरले, माझ्या आजारपणात उशाशी बसले. त्या पत्राच्या जागेवर ते इतके लिहून गेले आहेत. तेवढे वाचायचा मला हक्क आहे, आणि ते मी वाचतो.

तरी कधी मध्यरात्री जाग येते आणि वाटते, निदान पहिली ओळ तरी पाहायला हवी होती. असे वाटते, हेही येथे सांगून टाकलेले बरे. यंदा माळा झाडताना ट्रंकेत मीच लिहिलेली, न धाडलेली दोन पत्रे निघाली. दोन्ही अण्णांना. घरच्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, ‘‘हे ठेवायचं की टाकायचं?’’

‘‘टाका,’’ मी म्हटले, ‘‘पण बारीक फाडून.’’