परक्या नदीकाठचे गाणे

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचा विचार तिच्यातूनच निघाला. कुटुंबप्रमुख जानेवारीत देवाघरी गेले. ते देवळात व्हायोलिन वाजवीत. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला त्यांच्या सुरावाचून गायनवृंद गाणे उचलत नसे. एकुलता मुलगा पोलंडमध्ये व्रोत्सवाफ या शहरी नोकरीला आहे. तो मातीला आला, महिन्याच्या मिस्सापर्यंत राहिला आणि परत गेला. पास्काच्या सणानंतर त्याचा फोन आला. थंडी सरली, पाने फुटण्याआधीच झाडे फुलांनी भरली, नदीकाठी माणसे उन्हाला येऊन बसू लागली आणि काल रात्री आपण जॅझच्या मैफलीला गेलो होतो, असे त्याने मोठ्या उल्हासाने सांगितले. आईने फोन ठेवला आणि ती आमच्याकडे आली. "अजून वर्षाची मिस्सा झाली नाही, आणि हा बाजा ऐकत फिरतो!" एवढेच ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही तिचीच बाजू घेतली. आपल्या घरांतून वर्षभराचा दुखवटा पाळतात तो काही उगीच नव्हे. रेडिओ बंद असतो, लग्नाला जाऊन माणूस आशीर्वाद देऊन परततो, व्हायोलिनची पेटी कपाटावर चढते. मेलेल्या माणसाची जागा इतक्या लवकर भरून निघत नाही, हे त्यातून घर एकमेकांना सांगत असते. परंतु घरी परतल्यावर आमचे मन स्वस्थ राहिले नाही. दूर देशी एकट्या राहणाऱ्या मुलाने वसंतात आनंदी होणे हा मृत पित्याशी द्रोह आहे काय?

स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र याच प्रश्नाभोवती फिरते. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांनी आपली वाद्ये झाडांना टांगली आहेत. ज्यांनी त्यांना धरून आणले तेच करमणुकीसाठी सियोनाचे गाणे मागतात, आणि परक्या भूमीत प्रभूचे गाणे गावे तरी कसे, असे हे लोक विचारतात. ख्रिस्तसभा हे स्तोत्र तीन वर्षांतून एकदा उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी वाचते. आणि हा रविवार आनंदाचा मानला जातो! त्या दिवशी वेदीवर फुले ठेवण्याची आणि वाद्ये मोकळेपणी वाजवण्याची मुभा असते. वर्षानुवर्षे ही विसंगती आमच्या ध्यानात आली नव्हती. आणखी एक गोष्टही ध्यानात आली नव्हती. आम्ही गाणार नाही, असे म्हणणारे ते शब्द हे स्वतःच एक गाणे आहे. बंदिवानांनी नाकारले ते मालकाच्या फर्माइशीवर नाचणे. गाणे त्यांनी सोडले नाही. त्या स्तोत्राच्या शेवटी शत्रूच्या बालकांविषयी जे भयंकर शब्द आहेत, ते उपासनेत वाचले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. तरी आम्हाला वाटते, ज्या दुःखाला सूर सापडत नाही त्याचे काय होते हे त्या ओळी दाखवतात.

जॅझचा उगम अशाच माणसांत झाला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स हे फ्रेंचांनी वसवलेले कॅथलिक शहर. तेथील आफ्रिकन गुलामांना रविवारी कामातून सुटका असे, आणि ते काँगो स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत जमून आपली वाद्ये वाजवीत, नाचत. त्यांच्या वंशजांनी एकोणिसावे शतक संपता संपता या संगीताला आकार दिला. त्या शहरातील अंत्ययात्रेची रीत तर प्रसिद्धच आहे. दफनभूमीकडे जाताना बँड संथ, शोकाकुल धर्मगीते वाजवतो; दफन आटोपून परतताना तोच बँड नाचरी गाणी वाजवतो आणि मागून येणारे लोक छत्र्या व रुमाल उडवीत चालतात. परक्याला यात उथळपणा दिसेल. पण ही माणसे दफनभूमीतूनच परतत असतात.

या प्रश्नाने मेरी लू विल्यम्स या थोर कृष्णवर्णीय पियानोवादक बाईंनाही गाठले होते. दोन वर्षे युरोपात काढल्यावर १९५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी वादन सोडले आणि त्या प्रार्थनेकडे वळल्या. १९५७ साली त्यांनी कॅथलिक स्नानसंस्कार घेतला. वाजवणे थांबले ते थांबलेच, असे वाटत असता त्यांना पुन्हा पियानोपुढे बसवण्यात त्यांच्या ओळखीच्या धर्मगुरूंचाच हात होता. १९७५ साली न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांनी रचलेली जॅझ मिस्सा सादर झाली. आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड हे गोव्याचे वादकही चर्चच्या संगीतशिक्षणावर वाढलेल्या समाजातले. मुंबईच्या हॉटेलांतून आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून त्यांनी नाव मिळवले. हे लोक घर सोडून वाजवायला गेले म्हणून घर विसरले, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

पण खरे उत्तर आम्हाला कोल्हापुरातच मिळाले. गांधीनगरच्या कापडबाजारात आपण सगळे लग्नाच्या खरेदीला जातो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथे वसले हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या आधी त्याच जागी, वळीवड्याच्या छावणीत, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे मात्र आता फार थोडे लोक सांगतात. ते बहुतेक कॅथलिक. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते. तेथून सुटून इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. वाटेत कोणाचा बाप गेला, कोणाची आई. येथे त्यांनी काय केले? त्यांनी चर्च उभारले, शाळा चालवल्या, बालवीरांची पथके काढली, नाटके बसवली, गाणी म्हटली. पवित्र शनिवारी अंडी, पाव व मीठ यांची टोपली आशीर्वादासाठी नेण्याची पोलिश रीत त्यांनी या उन्हातही पाळली असणार. त्यांच्या देशी पास्काचा सण वसंताच्या कोवळ्या थंडीत येतो, आणि येथे तेव्हा जोतिबाच्या चैत्र यात्रेची तप्त धूळ उडत असते. दुखवटा पाळायचा म्हटले असते तर त्यांना आयुष्य पुरले नसते. त्यांच्यापैकी काही जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावले आहेत.

ते मोकळेपणी गाऊ शकले, याचे श्रेय यजमानांनाही दिले पाहिजे. संस्थानने आणि आसपासच्या गावांनी त्यांना पोलिश राहू दिले. याच्या उलट बाजूचा एक प्रसंग कोल्हापूरकरांनी विसरू नये. आपले छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले, अवघ्या विशीत. त्या कॅथलिक शहराने आर्नो नदीच्या काठी हिंदू रीतीने चिता रचू दिली. आणि पुढे १८८६ साली ख्रिस्तसभेने आपल्या लोकांना दहनाची जी मनाई केली, ती १९६३ पर्यंत उठली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या परवानगीचे मोल कळते. त्यांचे स्मारक आजही तेथे उभे आहे.

वळीवड्याचे बहुतेक पोल घरी परतू शकले नाहीत. त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. त्याच पूर्व भागातील दुसऱ्या कित्येक कुटुंबांना युद्धानंतर जर्मनांनी सोडलेल्या एका शहरात वसवण्यात आले, ते व्रोत्सवाफ. कम्युनिस्ट राजवटीच्या पहिल्या वर्षांत पोलंडमध्ये जॅझवर अधिकाऱ्यांची वक्रदृष्टी होती. रसिक खाजगी घरांतून वाजवीत आणि ऐकत. त्या काळाला ते लोक 'भुयारी दफनभूमींचा काळ' म्हणतात, रोममधील आद्य ख्रिस्ती लोकांच्या आठवणीने. १९६४ साली व्रोत्सवाफच्या विद्यार्थ्यांनी जॅझचा महोत्सव सुरू केला. त्याच्या पोलिश नावाचा अर्थ आहे 'ओद्रा नदीकाठचा जॅझ'. आमच्या या मुलाने जी मैफल ऐकली ती याच महोत्सवातली.

हे सारे आम्ही त्या माउलीला सांगितले. आम्ही पुस्तकी बोलतो आहोत, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. तिचा राग आम्ही खोटा ठरवू इच्छित नाही. विसरणारी मुले असतात, आणि जग पुढे जाते या वाक्याआड लपणारेही आम्ही पाहिले आहेत. मैफलीत तिच्या मुलाला बापाचे व्हायोलिन आठवले की नाही, हे आम्ही कसे सांगणार? त्याने सांगितले नाही, तिनेही विचारले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिच्या घरी बसलो असता त्याचा फोन आला. जेवणखाणाचे बोलून झाल्यावर तिने एकदम विचारले, "तिथं मिस्सा कुठल्या भाषेत ऐकतोस?"

"पोलिश. मला अर्धीच कळते. पण 'आमच्या बापा' मी मराठीत म्हणतो."

"मोठ्यानं?"

तो थोडा हसला. "मनातल्या मनात, आई."

"मोठ्यानं म्हण," ती म्हणाली, आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारू लागली.