वारीचा डबा

ज्येष्ठातल्या एका रात्री माझगावच्या आमच्या चाळीत भजन आटोपले आणि एका मावशींनी आम्हांस गाठले. "बुवा, दिंडीची भिशी भरायचीय. मोबाईलवर लगेच कर्ज मिळतं म्हणे. देवाच्या कामाला घेतलं तर काय झालं?"

आम्ही विचारले, "मावशी, हप्ता कोण भरणार?"

"सून भरंल की, पगारातनं."

"तिला विचारलंत?"

मावशी गप्प झाल्या.

गोदीत आणि गिरणीत पोटासाठी आलेल्या आपल्या घाटावरच्या नि कोकणातल्या माणसांना हे दुखणे नवे नाही. गिरण्यांच्या काळी पगाराच्या दिवशी व्याजवाला गेटावर उभा असे. लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायाही उधारीत अशाच अडकल्या होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा त्यांना बँकेचा दरवाजा दिसला. आताचा व्याजवाला खिशातल्या फोनात बसतो, एवढाच फरक.

यावर काही मंडळी तुकोबारायांचा दाखला देतात. महाराजांनी कागद इंद्रायणीत बुडवले, मग आपण हिशेब कशाला करावा? अहो, ते कागद कोणते हे तरी पाहा! लोकांकडून येणे होते त्याचे ते कागद. 1630 च्या सुमारास दुष्काळ पडला, दुकान बसले, घरात बायको अन्नावाचून गेली. तरी धाकट्या कान्होबाचा निम्मा वाटा आधी त्याच्या हाती दिला आणि केवळ आपल्या वाट्याचे कागद बुडवले, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या पैशाला त्यांनी हात लावला नाही. मावशी, सुनेचा पगार हा कान्होबाचा वाटा आहे.

मग भिशीचे पैसे आणावे कोठून? आम्ही म्हणतो, एकादशीतून. वर्षाला एकादशा चोवीस. अधिक मास आला तर सव्वीस. त्या दिवशी आपल्या घरांत काय चालते? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू, पोरांना वेफर्सचे पुडे. एकादशी अन् दुप्पट खाशी! रोजच्या डाळभातापेक्षा उपवासच महाग. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा आणि भुईमूग ही तिन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेची. ज्ञानोबारायांच्या काळी यांतले काहीच इकडे नव्हते, तरी एकादशी होतच होती. शिवाय साबुदाणा म्हणजे बहुतेक नुसते पिष्ट. मधुमेहाच्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि उपवासाचा हट्टही धरू नये. लेकुरवाळीनेही नाही.

धडधाकट माणसाला एक वेळ वरीचा भात आणि ताक पुष्कळ झाले. वाचेल ते त्याच संध्याकाळी डब्यात टाकावे. घरटी शंभर रुपये वाचले तरी चोवीस एकादशांचे 2400 होतात. भाडे, शाळेची फी यांतला पैसा त्या डब्यात घालू नये. घरात आजारपण आले तर मात्र डबा खुशाल उघडावा, पांडुरंग रागावत नाही.

मावशी त्या आषाढीला दिंडीत गेल्या नाहीत. सुनेला घेऊन हार्बरच्या गाडीने शिवडीपुढे वडाळ्याला उतरल्या आणि तिथल्या विठोबाच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्या कामिका एकादशीला त्यांनी चहाचा रिकामा डबा देव्हाऱ्यामागे ठेवला. पहिली दहाची नोट नातवाने टाकली, वेफर्सच्या पुड्याची.