मुखाने म्हटलेले आणि मनात धरलेले

कलबुरगी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळ, गाणगापूर हे दत्तभक्तांचे क्षेत्र आहे. भर दुपारी तेथे जो जाईल त्याला एक विलक्षण गोष्ट दिसेल. ज्यांच्या घरी अन्नाला तोटा नाही अशी माणसे खांद्याला झोळी लावून निदान पाच घरी मधुकरी मागत फिरतात. दुसरे भक्त हातात अन्न घेऊन उभे असतात व समोर येईल त्याच्या झोळीत घालतात. त्याचे नावगाव विचारीत बसत नाहीत.

आमच्यातील पुष्कळ जण हे पाहून "अंधश्रद्धा" एवढाच शब्द उच्चारतात आणि पुढे जातात. वाचकहो, तो शब्द उच्चारला की विचार थांबतो. हे लोक असे का वागतात? नृसिंहसरस्वती आजही मध्यान्ही कोणत्या तरी रूपाने येथे भिक्षेला येतात, असे ते मानतात. मग समोरचा मळक्या वस्त्राचा मनुष्य तोच नसेल कशावरून? एवढे एक मानले की बाकीचे सर्व वागणे सरळ होते. आम्ही ती श्रद्धा बाळगीत नाही. परंतु मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याविषयी जे सांगितले आहे ते आम्ही मानतो, आणि तरी दाराशी आलेल्याला आम्ही आधी पत्ता विचारतो, हेही खरे आहे.

'गुरुचरित्रा'त याच गावच्या एका शेतकऱ्याची कथा आहे. गुरूंनी सांगितले म्हणून त्याने अर्धे कच्चे असलेले उभे जोंधळ्याचे पीक कापून टाकले. बायकोमुलांनी आकांत केला, लोकांनी त्याला वेडा ठरवले. पुढे पीक कितीतरी पटींनी आले असे ग्रंथ सांगतो. पण आमचे लक्ष त्या पिकाकडे नाही, त्या बायकोकडे आहे. ती बाई मूर्ख नव्हती. वर्षाची भाकरी या ताटांतून येते, हा तिचा विश्वास. गुरूचा शब्द खाली पडत नाही, हा त्याचा. दोघेही आपापल्या विश्वासाला धरूनच वागली. आदल्या दिवशी दोघांना "गुरूवर भाव आहे का?" असे विचारले असते, तर दोघांनीही "आहे" असेच सांगितले असते. विळा शेतात पडला तेव्हा अंतर कळले.

म्हणून मनुष्य काय मानतो हे त्याच्या पाठांतरावरून कळत नाही. जेथे काही गमवावे लागते तेथे ते दिसते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. अर्पणासाठी दिलेल्या पैशांची मुलगा गोळ्याबिस्किटे घेतो आणि विचारल्यावर खोटे बोलतो. त्याला दहाही आज्ञा पाठ असतात. आपण त्याला आज्ञा दहा वेळा लिहायला लावतो. पण "खरे सांगितले की मार बसतो" ही अकरावी आज्ञा त्याने घरी शिकलेली असते, तीही अनुभवाने. ती वहीत लिहून खोडता येत नाही. खरे सांगूनही मार बसला नाही, असे एकदोनदा त्याच्या वाट्याला आले पाहिजे.

विश्वास बदलण्यास वेळ लागतो, आणि तो दुसऱ्याच्या हुकमाने बदलत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या काळात ख्रिस्ती लोकांत राहूनही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पतीचा पंथ बदलला म्हणून त्यांचा हात विटाळाच्या पाण्याला लागला नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, असे त्यांचे त्यांना पटले, आणि मग सोवळे सुटले. टिळक त्या काळात घाई करते, तर काय झाले असते कोण जाणे.

आता आमच्या घरातले पाहू. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय मंडळीत वाचला जातो, ख्रिस्तामध्ये सर्व एक, यावर आमेन म्हटले जाते. नंतर मुलीचे लग्न निघते. स्थळ चांगले, मुलगा निर्व्यसनी, मंडळीत येणारा. तरी कोणी तरी आवाज खाली करून विचारतो, "ही माणसे मूळची कोण?" याला आम्ही ढोंग म्हणणार नाही. ढोंग्याला आपण खोटे बोलतो हे ठाऊक असते. या आईबापांना ते ठाऊक नसते. ऐक्याचे वचन त्यांना मनापासून आवडते, आणि रक्तात उंच-नीच असते हेही ते मनापासून मानतात. फक्त दुसरी गोष्ट त्यांनी आजवर कोणापुढे म्हणून दाखवलेली नाही, म्हणून ती तपासलीही नाही. त्यांना वचन पुन्हा ऐकवून उपयोग नाही. "कशाची भीती वाटते?" एवढे प्रेमाने विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आमचे पाळक व वडील हे विचारतात का? बहुधा नाही, कारण त्यांच्याही घरी मुली आहेत.

आणि त्या बैठकीत चहाचे कप फिरवणारा रविवारच्या शाळेतला मुलगा ते सारे ऐकत असतो.