शहराच्या माथ्यावरचे ऋण

माणूस जन्माला येतो तोच ऋण घेऊन, असे आपल्या परंपरेने मानले. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे तैत्तिरीय संहितेने सांगितली आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे चौथे ऋण मिळवले. पहिल्या तिहींवर प्रवचने पुष्कळ होतात, पण हे चौथे रोज अंगावर वागवूनही आपल्या ध्यानात येत नाही. जबलपुरात ते विसरून चालत नाही, कारण गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, रेल्वे, वीज मंडळाचे शक्तिभवन, नाहीतर महापालिका, यांतल्या कुठल्या तरी दारातून निवृत्त होऊन बाहेर पडलेला वडीलधारा इथल्या आपल्या मराठी घरांत हमखास भेटतो. मग प्रश्न येतो, की निवृत्तिवेतनाचा भार पेलेनासा झाला तर एखाद्या शहराने दिवाळे जाहीर करावे काय? याचे उत्तर, तो भार कोणत्या जातीचे ऋण आहे, यावर अवलंबून आहे.

एके काळी निवृत्तिवेतन हे ऋण मानलेच जात नव्हते, तो अनुग्रह होता. सागरचा मराठी अंमल 1818 मध्ये संपला, इंग्रजांनी त्या घराण्याला तनखा बांधून दिला, आणि ‘सागरचे राजे’ म्हणवणारे त्याचे वंशज पुढे याच जबलपुरात तो तनखा घेत राहिले. दुसऱ्या बाजीरावांना आठ लाखांचा तनखा होता, पण 1851 मध्ये ते वारले तेव्हा डलहौसीने नानासाहेबांना तो नाकारला, आणि त्या नकाराची किंमत सहा वर्षांनी सगळ्या हिंदुस्थानाने पाहिली. अनुग्रह देणाऱ्याच्या मर्जीवर जगतो. ऋण मर्जीच्या पलीकडचे असते. हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 17 डिसेंबर 1982 रोजी, नाकरा खटल्यात, निःसंदिग्ध केला: निवृत्तिवेतन ही खैरात नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. निवृत्त मंडळी तो दिवस आजही पाळतात, ते उगीच नव्हे.

पूर्वी केलेली सेवा, या शब्दांपाशी थोडे थांबू या. ललपूरहून नर्मदेचे पाणी चढवून शहराला पाजणारे हात, भल्या पहाटे गटारात उतरणारे हात, 22 मे 1997 च्या भूकंपानंतर गल्ल्यांतले ढिगारे उपसणारे हात. त्यांनी दिलेले शहराने कधीच पिऊन, वापरून, जिरवून टाकले आहे. सावकाराचे कर्ज निदान तारणावर दिलेले असते, पण हे ऋण असे, की देणाऱ्याने आयुष्याची उमेदीची वर्षे आधी देऊन टाकली आणि घेणाऱ्याने पुढे कधीतरी फेडू म्हटले. प्यालेले पाणी परत करता येत नाही, म्हणून हे ऋण नाकारण्याचा मार्गही उरत नाही.

तरी जगात शहरांनी दिवाळे काढले आहे. अमेरिकेत तसा कायदाच आहे; डेट्रॉईटने 18 जुलै 2013 रोजी सुमारे 18 अब्ज डॉलरचे देणे पुढे ठेवून न्यायालयाचे दार ठोठावले, आणि अखेर तिथल्या सामान्य निवृत्तांच्या वेतनात साडेचार टक्के कपात होऊन महागाईनुसार मिळणारी वाढही गेली. भारतात 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता महापालिकांना लागूच नाही, आणि मला ते योग्य वाटते. दुकानदार फळी लावून परगावी निघून जाऊ शकतो, पण शहर कुठे जाणार? ते तिथेच राहते, करही घेत राहते, आणि ऋणकोच जागेवर असेल तर ऋण कसे मरेल?

पण शास्त्र आंधळे नाही. पुत्राने पित्याचे ऋण फेडावे म्हणणाऱ्या याज्ञवल्क्यानेच मद्य, द्यूत आणि वृथादान यांपायी झालेले ऋण त्याच्यावर येत नाही असेही सांगितले. (हिंदू पुत्राचे ते धार्मिक दायित्व कायद्याने 2005 मध्ये संपवले, शहराचे कुणी संपवलेले नाही.) डेट्रॉईटने 2005 मध्ये निवृत्तिवेतन निधीतली तूट भरायला 1.4 अब्ज डॉलर उचलले आणि त्याला व्याजदरांवरच्या सट्ट्यासारख्या करारांची जोड दिली; ते देणे मला द्यूताच्या घरातले वाटते. झाडूवाल्याचे निवृत्तिवेतन आणि हे करार एकाच वहीत, एकाच नावाखाली मांडणे हा ऋणाचा विवेक सुटल्याचा प्रकार होय.

आणि तिजोरी खरोखरच रिती असेल तर? कौटिल्याने ती शक्यता धरली आहे. कोश अल्प असेल तर राजाने सेवकांना वनोपज, पशू, शेते द्यावीत, रोकड थोडी द्यावी. कामावर मेलेल्याच्या बायकामुलांना अन्नवेतन मिळावे, असे तो म्हणतो. पेशवाईतली बालपरवेशी, म्हणजे कामी आलेल्यांच्या मुलांच्या पोषणाची सोय, त्याच जातीची. म्हणजे ऋणाचे रूप बदलता येते, मुदत मागता येते; सुटका मागता येत नाही. आपल्या मध्य प्रदेशातल्याच रतलामच्या नगरपालिकेने, पैसा नाही म्हणून गटारे बांधता येत नाहीत, अशी सबब सांगितली, तेव्हा 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली होती. शिवाय शहर एकटेच ऋणको नाही: इथली चुंगी, म्हणजे जकात, 1976 मध्ये गेली, तेव्हापासून तिच्या भरपाईसाठी पालिका भोपाळकडे डोळे लावून असतात, म्हणून त्यांच्या ऋणाचा एक वाटा भोपाळच्याही माथी आहे.

मला भय वाटते ते अघोषित दिवाळ्याचे. डेट्रॉईटचे दुःख निदान उघड्या न्यायालयात मांडले गेले, आणि निवृत्तांचे ऋण हलके करायला राज्याने व धर्मादाय संस्थांनी मिळून ऐंशी कोटी डॉलरच्या घरात रक्कम उभी केली. आपल्याकडे नुसता विलंब होतो. राज्य 2000 मध्ये विभागले, आणि पुनर्रचना कायद्याच्या कलम 49 वर बोट ठेवून निवृत्तांच्या महागाई सवलतीसाठी छत्तीसगडच्या संमतीची वाट पाहिली जाते. दोन राजधान्यांच्या पत्रव्यवहारात म्हाताऱ्याचे महिने जातात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना तर फावडे धरून झिजलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्र ओळखत नाही. तो धुतात, पुसतात, पुन्हा टेकवतात, आणि ज्याचे ऋण आहे तोच आपण जिवंत असल्याची साक्ष काढत उभा राहतो.

इंदूर महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले. आपल्याकडे अशा रोखेधारकांसाठी पालिकेच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग वेगळ्या राखीव खात्यात वळता करतात. त्यांचे फिटल्याशिवाय त्याला हात लागत नाही. व्याजासाठी आलेल्या पैशाला हे कुलूप मिळते, तर निवृत्तांच्या या चौथ्या ऋणालाही ते मिळावे: मालमत्ता कराचा ठरावीक अंश दरमहा निवृत्तांच्या खात्यात आधी जावा, मग ठेकेदारांची बिले निघावीत, आणि त्या खात्यात किती जमले व किती थकले ते महापौरांनी अंदाजपत्रकाच्या सभेत पहिल्यांदा वाचून दाखवावे.