सुकाणूतली मोकळीक

गेल्या मे महिन्यात माझ्या मेहुण्यांच्या जुन्या जीपने मला एक धडा दिला. मास्तराला धडा देणारे कोणी भेटले की तो आधी रागावतो, मीही रागावलो.

१९४१ साली महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेत जन्मलेली आणि पुढे मुंबईत जोडली जाऊ लागलेली ही गाडी. रस्ता असो वा नसो, तिची कुरकुर नाही. त्या घराण्यातली एक वृद्धा मेहुण्यांच्या कोकणातल्या बागेतून आंब्याच्या पेट्या वाहते. त्या दिवशी मात्र उतारावर हातातले चाक चार बोटे फिरवावे, तेव्हा कुठे गाडी वळण्याचे मनावर घेई!

"सुकाणू आवळून टाका," मी मिस्त्रींना अधिकारवाणीने सांगितले.

मिस्त्री हसले. "गुरुजी, आवळायचं कुठं ते आधी बघू. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू उगाच आवळला तर चाक जड होईल, वळणानंतर आपणहून सरळ येणार नाही. आणि झीज आहे तिथंच राहील."

त्यांनी मला चाकाशी बसवले, इंजिन बंदच ठेवले. मी चाक थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवायचे. ते गाडीखाली आडवे पडून एकेका सांध्यावर हात ठेवीत होते. एका सांध्याची अलीकडची बाजू हलत होती, पलीकडची स्वस्थ होती. दांड्याच्या टोकाचा गोळा वाटीत झिजला होता. तो सांधा बदलला, कॉटर पिन घातली, पुढच्या चाकांची दिशा मोजून घेतली. तरीही चाकात किंचित सैलपणा उरलाच. मी तो दाखवताच मिस्त्री म्हणाले, "एवढा प्ले लागतोच, गुरुजी. नाहीतर स्टिअरिंग अडकतं."

परतताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्षभर तो माझे काही ऐकत नव्हता. मी शिस्त आवळली. तो अधिकच ताठ झाला. दोष त्याच्या अंगच्या शिथिलतेचा, असा माझा निकाल होता. पण जूनमध्ये त्याने एक भाबडी शंका विचारली होती आणि तिच्यावर मी कोटी केली होती. वर्ग खदखदून हसला, मीही हसलो. सांधा झिजला तो तिथे! माझा शब्द आणि त्याचे मन यांना जोडणारी वाटीच मी घासून टाकली होती. आणि पुढे वर्षभर चाक मात्र जोरजोराने फिरवीत राहिलो.

मग मोकळीक आणि ढिलाई यांतला भेद ओळखायचा कसा? मला वाटते, मोकळीक आपण जाणूनबुजून ठेवतो. ढिलाई आपल्या नकळत येते. पहिलीमुळे चाक अडकत नाही, दुसरीमुळे गाडी ऐकत नाही. आणि यातली मोठी अडचण अशी, की चाक ज्याच्या हातात असते त्याला सैलपणा जाणवतो, पण सांधा दिसत नाही. तो दिसतो खाली पडलेल्याला. बाप, मास्तर, पुढारी, हे सगळे चाकाशी बसणारे लोक! आपला कोणता सांधा झिजला आहे, हे त्यांनी खालच्या माणसाला विचारायला नको का?

शाळा उघडल्यावर मी त्या मुलाला भर वर्गात म्हणालो, "गेल्या वर्षी तुझ्या शंकेवर मी हसलो. ती माझी चूक झाली." तो काही बोलला नाही. खाली मान घालून पेन्सिलीला टोक करीत राहिला. गोष्टीतल्यासारखे त्याचे डोळे वगैरे पाणावले नाहीत. आठवड्याने मात्र शेवटच्या बाकावरून एक हात अर्धवट वर झाला, आणि घाईघाईने खाली गेला.

मी थांबलो. चाक जोराने फिरवले नाही. तेवढी मोकळीक त्याला हवी होती. आणि खरे सांगायचे तर, मलाही.