आवश्यकतेमागचे कारण

प्रणाली बांधण्यापूर्वी ती कोणाला, कशासाठी आणि कोणत्या मर्यादांत हवी आहे, हे संबंधितांकडून जाणून, पडताळून, लिहून ठेवण्याच्या विद्येला आवश्यकता-अभियांत्रिकी म्हणतात, तर त्या लिखिताला माणसे, वेळ आणि पैसा यांच्या हिशेबात बसवून काम तडीस नेणे हे प्रकल्प-व्यवस्थापन होय. एकाच कारकिर्दीत या दोन्ही जबाबदाऱ्या अनेकदा एकत्र येतात. परंतु वेळापत्रक मोजता येते आणि वेळीच विचारलेला प्रश्न मोजता येत नाही, म्हणून बढतीच्या वाटेवर दुसरीचाच मान मोठा ठरतो. हा क्रम चुकीचा आहे, आणि त्याची किंमत किती असू शकते हे एरियान-5 या युरोपीय अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणाने दाखवून दिले.

4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघालेला हा अग्निबाण सुमारे 40 सेकंदांत क्लस्टर मोहिमेच्या चार उपग्रहांसह नष्ट झाला. अग्निबाणाची स्थिती व गती सांगणाऱ्या जडत्वीय संदर्भ प्रणालीत, क्षैतिज वेगाशी निगडित अशी एक 64 बिटांची संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, आणि राखीव व मुख्य असे दोन्ही संच त्याच एका कारणाने बंद पडले. या प्रणालीची आज्ञावली आधीच्या एरियान-4 वरून घेतलेली होती व तेथे ती निर्दोष चालली होती. एरियान-5 चा क्षैतिज वेग मात्र कितीतरी लवकर वाढत असे, आणि त्याच्या मार्गाची माहिती या प्रणालीच्या आवश्यकतांमध्ये घेतलेलीच नव्हती.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की जी आकडेमोड फसली तिचा उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. उलटगणती अखेरच्या क्षणी थांबली तर पुन्हा 45 मिनिटे वा अधिक खर्चून संरेखन करावे लागू नये, म्हणजेच यंत्रणेच्या दिशा नव्याने जुळवाव्या लागू नयेत, यासाठी जुन्या एरियानांवर संरेखनाची ही आकडेमोड उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवली जाई. एरियान-5 च्या तयारीचा क्रम वेगळा असल्याने ही गरज तेथे उरली नव्हती. तरीही, या अपघाताच्या चौकशी मंडळाच्या अंदाजाप्रमाणे, उत्तम चाललेल्या आज्ञावलीत विनाकारण बदल करू नये या विचाराने ती आकडेमोड तशीच राहिली. हा विचार मूर्खपणाचा नव्हे. एरवी तोच या व्यवसायातला शहाणपणा आहे, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध प्रश्न उभा करणे अवघड असते.

असा प्रश्न पुढे विचारता यावा म्हणूनच आवश्यकतांच्या नोंदवहीत प्रत्येक विधानाशेजारी त्याचे कारण लिहिण्याची प्रथा आहे, पण घाईच्या प्रकल्पात रिकामी राहते ती बहुधा हीच जागा, कारण लिहिणाऱ्याला त्या दिवशी कारण पाठच असते. पुढे तो दुसऱ्या कामावर जातो, आणि हिंजवडीत किंवा अन्यत्र दहा वर्षांनी तीच प्रणाली सांभाळणाऱ्या विश्लेषकाच्या हाती फक्त विधान उरते; ते काढता येत नाही, कारण ते का आले हे आता कोणालाच ठाऊक नसते.